मियाटामध्ये स्पीडुइनो: वायरिंगपासून टायमिंग लाइटपर्यंत

आफ्टरमार्केट ईसीयू (इंजिनचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा, बाहेरून घेतलेला कंट्रोलर) बसवायला घेतला की सगळ्यांचं लक्ष एकाच क्षणाकडे असतं: इंजिन कधी सुरू होतंय. ते एकदा सुरू झालं की व्हिडिओ निघतो, मित्रांना जातो आणि तपासणीची निम्मी यादी तशीच राहून जाते. पुढे पिस्टन जळाला की खापर कंट्रोलरवर फुटतं. खरं तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, चुकलेलं असलं तरी इंजिन सुरू होतं, चुकीच्या मिश्रणावरही सुरू होतं. म्हणून या लेखात वायरी जोडण्यापेक्षा, जोडलेलं बरोबर आहे की नाही हे कसं बघायचं यावर जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतली आहे, १९८९ साली आलेली, १.६ लिटर इंजिनची. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. भारतात ती दुर्मीळ, पण इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींची ही पहिली हौशी गाडी असते. शिकायला तिच्यासारखं इंजिन नाही: चार सिलिंडर, दोन कॉइल, जोडीजोडीने पेट्रोल उडवणारे इंजेक्टर आणि मागच्या बाजूला कॅमशाफ्टवर बसलेला, इंजिन कुठवर फिरलंय ते सांगणारा एकच कॅम अँगल सेन्सर. कंट्रोलर म्हणून स्पीडुइनो. ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्टने सुरू केलेला हा ओपन सोर्स प्रकल्प अर्डुइनो मेगा २५६० वर चालतो, आणि या गाडीच्या मूळ कपलरमध्ये थेट बसणारे बोर्ड मिळतात. तुमची गाडी जिप्सी किंवा जुनी एस्टीम असली तरी कामाचा क्रम हाच राहील. पिना आणि ट्रिगर पॅटर्न (फिरण्याच्या सेन्सरच्या सिग्नलचा क्रम) तेवढे वेगळे.

कायद्याचं आधीच बघून घ्या. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करता येत नाही, आणि पीयूसी तर द्यावीच लागते. ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल तर गोष्ट निराळी. इंग्लंडमध्ये विमा कंपनीला बदल कळवावा लागतो आणि एमओटी या गाडीच्या वार्षिक तपासणीत धुराची चाचणी असते. काढलेला मूळ ईसीयू, एअरफ्लो मीटर आणि त्यांचे बोल्ट एका खोक्यात नीट ठेवा. कधी ना कधी लागतात.

आधी इंजिनची तब्येत

जी गाडी मूळ ईसीयूवर नीट चालत नाही, तिला नवा कंट्रोलर लावू नका. मिसिंग, ऑइल खाणं, व्हॅक्यूम गळती यांपैकी काही असेल तर ते आधी काढा. नाहीतर नंतर दोष वायरिंगचा, ट्यूनचा की इंजिनचा हे कधीच कळणार नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेत. फ्युएल प्रेशर मोजा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर या गाडीत ते २७० ते ३२० किलोपास्कलच्या दरम्यान यायला हवं. प्लग नवे आणि रेझिस्टर असलेलेच घ्या. बिनरेझिस्टरच्या प्लगचा इलेक्ट्रिकल आवाज सेन्सरच्या वायरीत शिरतो आणि मग आरपीएम उड्या मारायला लागतो.

मूळ ईसीयूवर गाडी असतानाच बेस टायमिंग बघून ठेवा. बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी या दोन पिना जोडल्या की मूळ ईसीयू टायमिंग हलवायचं थांबवतो, आणि टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याखाली) पुलीवरची खूण १० अंशांवर दिसली पाहिजे. ती तिथे असेल तर कॅम अँगल सेन्सर जागेवर आहे. तो बोल्ट आता सोडवू नका.

एअरफ्लो मीटर काढल्यावर काय काय जातं

नवख्यांची सर्वात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून बघू. १.६ मधला झडपेचा एअरफ्लो मीटर तीन कामं करतो. हवा मोजणं हे पहिलं. ते आता बोर्डवरचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) करणार, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डमधून एक व्हॅक्यूम नळी त्याच्यापर्यंत आणायची. नळी कडक भिंतीची घ्या, आणि ती इतर कशाच्या नळीला टी लावून काढू नका. तिला स्वतःचं तोंड द्या.

दुसरं काम हवेचं तापमान. तो सेन्सर मीटरच्या पोटातच असतो, मीटर गेला की तोही गेला. त्याच्या जागी उघड्या तोंडाचा जीएम धाटणीचा सेन्सर इनटेक पाइपमध्ये बसवतात. रेडिएटरपासून लांब, हवा सतत वाहत असेल अशा जागी.

तिसरं काम लोकांना माहीतच नसतं. हवा वाहू लागली की झडपेखालचा स्विच फ्युएल पंपाच्या रिलेला अर्थ (अर्थिंग) देतो. मीटर काढला की सेल्फ फिरतो, स्पार्क येतो, पण पंप चालू राहत नाही. हा अर्थ आता कंट्रोलरच्या फ्युएल पंप आउटपुटने द्यायचा. तुमच्या बोर्डावर त्यासाठी वेगळी वायर ओढावी लागते का, हे बोर्डाच्या नकाशात बघा. काही जण मीटरच्या कपलरमध्ये सरळ जंपर टाकून मोकळे होतात. तसं करू नका. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पेट्रोलची नळी तुटली, तर किल्ली ऑन असेपर्यंत पंप पेट्रोल ओतत राहील. कंट्रोलर मात्र आरपीएम शून्य झाला की पंप थांबवतो.

आणखी एक: मॅन्युअल गिअरच्या १.६ मध्ये थ्रॉटलवर फक्त स्विच असतो, पाय सोडलेला आणि पूर्ण दाबलेला एवढंच सांगणारा. ऑटोमॅटिक गाडीचा खरा थ्रॉटल पोझिशन सेन्सर मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास सुरुवातीला अॅक्सिलरेशनचं जादा पेट्रोल मॅपच्या बदलावरून देता येतं, स्पीडुइनोत ती सोय आहे.

वाइडबँड आणि अर्थिंग

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरशिवाय ट्यूनिंगला हात घालू नका. मूळचा नॅरोबँड फक्त मिश्रण जाड आहे की पातळ (पेट्रोल जास्त की कमी) एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. बॉश एलएसयू ४.९ सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर घ्या. सेन्सर एक्झॉस्टमध्ये वरच्या बाजूने तिरका बसवा, म्हणजे पाण्याचे थेंब त्याच्यात साचत नाहीत. वीज न देता त्याला तापत्या सायलेन्सरमध्ये ठेवलं तर तो लवकर मरतो. म्हणजे तो बसवलात की त्याला वीजही त्याच दिवशी द्या.

वाइडबँडच्या कंट्रोलरचा सिग्नल अर्थ ईसीयूच्या अर्थपाशीच जोडायचा. तो बॉडीला कुठेतरी जोडला, तर दोन अर्थांमध्ये थोडाबहुत व्होल्टेजचा फरक पडतो आणि लॅपटॉपवरचं रीडिंग खोटं ठरतं. मीटरवर एक आकडा, लॅपटॉपवर दुसरा, आणि तुम्ही दुसऱ्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी करत बसता. सेन्सरचे अर्थही सगळे ईसीयूकडेच जातात, इंजिन ब्लॉकला नाही. जोड क्रिम्प करा, वर हीटश्रिंक चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड सहा महिन्यांनी पावसात तुम्हाला शोधायला लावतो.

सॉफ्टवेअर आणि पहिले आकडे

बोर्डात फर्मवेअर टाकायला स्पीडीलोडर, ट्यूनिंगला ट्यूनरस्टुडिओ. याच गाडीचा बेस ट्यून (सुरुवातीच्या सेटिंगची तयार फाइल) मिळत असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात करा, पण प्रत्येक पान स्वतः वाचून काढा. ट्रिगरसाठी ‘४जी६३ / मियाटा / ३०००जीटी’ हा पर्याय. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. स्पार्क मोड वेस्टेड स्पार्क (एका कॉइलवरून दोन सिलिंडरमध्ये एकदम ठिणगी). ड्वेल (कॉइल चार्ज होण्याचा वेळ) ३ मिलिसेकंदांपासून सुरू करा.

स्पार्क आउटपुटचं ‘गोइंग लो’ आणि ‘गोइंग हाय’ हे सेटिंग (सिग्नल खाली जाताना ठिणगी पाडायची की वर जाताना) विशेष काळजीने तपासा. स्पीडुइनोत बहुतेक इग्निशनना ‘गोइंग लो’ लागतं. ते उलटं पडलं तर कॉइल सतत चार्ज होत राहतात आणि जळतात. किल्ली ऑन करून, इंजिन बंद ठेवून दोन मिनिटांनी कॉइलला हात लावून बघा. गरम लागल्या तर तिथेच थांबा आणि किल्ली काढा.

आता ‘रिक्वायर्ड फ्युएल’, म्हणजे पूर्ण भरलेल्या सिलिंडरला लागणारं पेट्रोल द्यायला इंजेक्टर किती वेळ उघडा हवा तो आकडा. ट्यूनरस्टुडिओ तो काढून देतं, पण एकदा कागदावर काढून बघा, पुढच्या सगळ्या ट्यूनिंगचा पाया कळतो. इंजिन १५९७ सीसी, म्हणजे सिलिंडरमागे साधारण ४०० सीसी हवा. तिचं वजन जवळपास ०.४८ ग्रॅम. हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, म्हणजे ०.०३३ ग्रॅम पेट्रोल, साधारण ०.०४४ सीसी. मूळ इंजेक्टर मिनिटाला सुमारे २१० सीसी सोडतो, म्हणजे सेकंदाला ३.५. भागाकार केला की साडेबारा मिलिसेकंदांच्या आसपास येतं. सॉफ्टवेअरने २५ दाखवलं किंवा ६ दाखवलं, तर इंजेक्टरचा आकडा किंवा स्क्वर्टचं (एका चक्रात किती वेळा फवारायचं त्याचं) सेटिंग चुकलेलं आहे.

इथे पेट्रोलचाही विचार करा. इंग्लंडात २०२१ पासून पंपावर ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) आहे, त्याचं प्रमाण १४.१ च्या जवळ येतं. भारतातल्या ई२० चं आणखी खाली, साडेतेराच्या आसपास. डोक्याला ताप नको असेल तर सगळं लॅम्डामध्ये बघा. लॅम्डा १ म्हणजे योग्य प्रमाण, पेट्रोल कुठलंही असो; त्याच्या वर पातळ, खाली जाड.

किल्ली ऑन, इंजिन बंद

बोर्ड लावण्याआधी कपलरमध्ये मल्टिमीटर घालून बघा: बॅटरीचे १२ व्होल्ट कुठल्या पिनेवर येतात, अर्थ कुठे आहे. मगच बोर्ड. बोर्ड लावल्यावर सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट मोजा. लॅपटॉपच्या यूएसबीवरूनही बोर्डाला वीज मिळते, त्यामुळे किल्ली बंद असतानाही सगळं चालू दिसतं, पण तो व्होल्टेज थोडा कमी असू शकतो. म्हणून कुठलंही कॅलिब्रेशन किल्ली ऑन करूनच.

गाडी रात्रभर उभी असेल अशा सकाळी हे करा. कूलंटचं आणि हवेचं तापमान दोन्ही बाहेरच्या तापमानाशी जुळलं पाहिजे. एक १८ अंश आणि दुसरं ४० दाखवत असेल तर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलं आहे. मॅप सेन्सरने वातावरणाचा दाब दाखवायला हवा. समुद्रकिनारी तो १०० किलोपास्कलच्या जवळ असतो, पुण्याच्या उंचीवर ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. मुंबईत बसून ९० दिसले तर सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडला गेला आहे. थ्रॉटल सेन्सर असेल तर पाय सोडून शून्य आणि दाबून शंभर असं कॅलिब्रेट करा. पाय हळूहळू दाबताना आकडा कुठेही अडखळता कामा नये.

मग आउटपुट टेस्ट. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि ट्यूनरस्टुडिओमधून एकेक इंजेक्टर चॅनल चालवा. इंजेक्टरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दांड्याला कान लावला की टकटक स्पष्ट ऐकू येते. या गाडीत एका चॅनलवर दोन इंजेक्टर वाजतात, ते बरोबर आहे. पण चारही वाजले पाहिजेत. कॉइलचीही अशीच परीक्षा: प्लग बाहेर काढून त्याची बॉडी इंजिनला नीट टेकवा आणि ठिणगी बघा. आसपास पेट्रोलची वाफ नको, हात वायरीपासून लांब.

सेल्फ मारून ट्रिगर बघणे

चारही प्लग काढा, इंजेक्टरचे कपलर काढा, पंपाचा फ्यूज काढलेलाच राहू द्या. आता सेल्फ मारा. प्लग नसल्यामुळे इंजिन हलकं फिरतं. लॅपटॉपवर आरपीएम स्थिर दिसला पाहिजे. मध्येच शून्य, मध्येच २०००, असं होत असेल तर पुढे जाऊ नका. पुल-अपचा (सिग्नलची वायर व्होल्टेजकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरचा) जंपर, सिग्नलची दिशा, सेन्सरचा अर्थ, या क्रमाने तपासा. सिंक लॉसचा (कंट्रोलरला इंजिन कुठवर फिरलंय ते कळेनासं होण्याचा) काउंटर वाढतो का ते बघा. तो एकदाही वाढता कामा नये.

बॅटरीचा व्होल्टेजही इथेच नोंदवा. सेल्फच्या लोडखाली तो ९ च्या खाली जात असेल तर बॅटरी बदला. अर्ध्या मेलेल्या बॅटरीवर कंट्रोलर रीसेट होतो आणि तुम्ही ट्यूनमध्ये दोष शोधत बसता.

टायमिंग लाइट

सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. लॅपटॉप जे टायमिंग दाखवतो ते कंट्रोलरचं मत असतं. प्लगमध्ये ठिणगी प्रत्यक्षात कधी पडते ते फक्त टायमिंग लाइट सांगतो. लॅपटॉपवर १० आणि प्रत्यक्षात २० असेल, तर फुल थ्रॉटलला २८ चे ३८ होतात. नॉकिंग (मिश्रण अवेळी, स्फोटासारखं पेटणं) सुरू होतं आणि गाण्याच्या आवाजात ते ऐकूही येत नाही.

पुलीवरची खाच ब्रशने पांढरी करून घ्या. स्पीडुइनोत इग्निशनचा कोन ‘फिक्स्ड’ करून १० अंश ठेवा. प्लग परत लावा, इंजेक्टरचे कपलर अजून काढलेलेच, लाइटचा क्लॅम्प एक नंबरच्या वायरीवर, आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. खूण १० च्या जवळ यायला हवी. चार-पाच अंशांचा फरक ट्रिगर अँगल या सेटिंगने काढता येतो. पण खूण कुठेच दिसत नसेल किंवा खूप लांब असेल तर आकडे फिरवत बसू नका. मूळ चूक दुसरीकडे आहे, बहुतेक वेळा ट्रिगरच्या सिग्नलच्या कडेत (चढती की उतरती). लाइटला डिजिटल अॅडव्हान्सचं बटण असेल तर ते शून्यावर ठेवा. वेस्टेड स्पार्कमध्ये दर फेरीला ठिणगी पडते आणि काही लाइट दुप्पट कोन दाखवतात.

इंजिन सुरू झाल्यावर हीच तपासणी पुन्हा आयडलला, आणि पुन्हा ३००० आरपीएमला. कोन फिक्स्ड असताना खूण जागची हलता कामा नये. रेस दिली की ती सरकते असं दिसलं तर सिग्नलची चुकीची कड वाचली जात आहे. हे नीट झाल्याशिवाय ‘फिक्स्ड’ काढून स्पार्क टेबलवर (टायमिंगच्या कोनांच्या कोष्टकावर) जायचं नाही.

पहिलं सुरू करणं

गाडी बाहेर, मोकळ्यावर काढा. बंद गॅरेजमध्ये सायलेन्सरचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. अग्निशामक हाताशी, मदतनीस सोबत. फ्यूज आणि कपलर परत लावा, किल्ली ऑन करून पंप दोन-तीनदा प्राइम होऊ द्या, आणि फ्युएल रेलपासून टाकीपर्यंत गळती बघा. मग सेल्फ.

फटफट करून बंद पडत असेल तर घाई करू नका. प्लग काढून बघा. ओले असतील तर क्रॅंकिंगचं पेट्रोल कमी करा, कोरडे असतील तर वाढवा. एका वेळी एकच आकडा, आणि दर वेळी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह. इंजिन ओलं झालं तर थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारा, फ्लड क्लिअर चालू असेल तर पेट्रोल बंद होतं.

सुरू झालं की पहिल्या मिनिटात ऑइल प्रेशर, मग टायमिंग लाइट, मग लॅम्डा. इंजिन गरम होऊ द्या आणि पंखा लागतो का बघा. १.६ मध्ये पंख्याचा थर्मोस्विच वेगळा असतो, तरी काम करताना त्याचा कपलर सुटलेला असू शकतो.

रस्त्यावर आणि नंतर

सुरुवातीला रेव्ह लिमिट ५५०० ठेवा. स्पार्क टेबल सौम्य: जास्त लोडला मूळ गाडीपेक्षा दोन-तीन अंश कमी. लॉगिंग चालू करा, शेजारी कुणीतरी लॅपटॉप धरून बसू द्या. गाडी चालवता चालवता स्क्रीन बघायची नाही.

व्हीई टेबलचा (कुठल्या आरपीएमला आणि दाबाला सिलिंडर किती भरतो त्या कोष्टकाचा) एक खण सुधारायचा हिशोब सोपा आहे: जुना आकडा गुणिले आलेलं प्रमाण भागिले हवं असलेलं प्रमाण. खणात ६० आहे, हवं १४.७, आलं १६.२, तर नवा आकडा ६६. हे गरम इंजिनवर आणि स्थिर पायावरच करा. पाय हलता असताना आलेलं रीडिंग व्हीईचं नसतं, त्यात अॅक्सिलरेशनचं पेट्रोल मिसळलेलं असतं. क्रूझला लॅम्डा १, पूर्ण लोडला ०.८६ ते ०.८८. लोडखाली लॅम्डा ०.९५ च्या वर गेलं की पाय काढा. तो खण दुरुस्त करून मगच पुन्हा. आधी कमी लोडचे खण, मग मधले, आणि फुल थ्रॉटल सगळ्यात शेवटी, बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच पळवून मोजायच्या यंत्रावर).

लॉगमध्ये दोन गोष्टी मुद्दाम शोधा. सिंक लॉस शून्यच हवा. आणि इंजेक्टर ड्यूटी सायकल ८५ टक्क्यांच्या आत. ७००० आरपीएमला एक पूर्ण चक्र १७ मिलिसेकंदांचं असतं. मूळ इंजिनात इंजेक्टर त्यातले बारा-तेरा उघडा राहतो, म्हणजे जागा आहे.

थंड सुरुवात एका सकाळी एकदाच तपासता येते, कारण दुसऱ्या वेळी इंजिन गरम झालेलं असतं. म्हणून वॉर्मअपची वक्ररेषा पूर्ण व्हायला आठवडे लागतात, थंडीच्या देशात तर एक हिवाळा. गरम सुरुवातही स्वतंत्र बघा: गाडी पळवून आणा, पंधरा मिनिटं उन्हात उभी करा, पुन्हा सुरू करा. इनटेकमधला सेन्सर तापून हवा खरीपेक्षा गरम सांगतो, कंट्रोलर पेट्रोल कमी करतो आणि आयडल डगमगतं. सेन्सरची जागा बदलणं हा त्यावरचा खरा उपाय. टेबलात जुगाड केलात तर तो दुसऱ्या दिवशी नडतो.

पाचसातशे किलोमीटर झाल्यावर सगळे कपलर, अर्थचे बोल्ट आणि मॅपची नळी पुन्हा एकदा हाताने चाचपून घ्या, प्लग काढून रंग बघा, आणि चालू ट्यूनची फाइल लॅपटॉपबाहेर दुसरीकडे कुठेतरी ठेवा. पुढे कधी टर्बोसाठी मोठे इंजेक्टर घातलेत तर रिक्वायर्ड फ्युएल आणि इंजेक्टरचा डेड टाइम (वीज मिळाल्यापासून तो उघडेपर्यंतचा वेळ) आधी बदला, मग आयडलपासून क्रूझपर्यंत लॅम्डा पुन्हा बघा, आणि टायमिंग लाइट पुन्हा बाहेर काढा.